थंडी दाखवण्याचा कार्यक्रम

फेब्रुवारीतल्या भर दुपारी, भिंतीला टेकलं तरी पाठ पोळावी अशा उकाड्यात, धुळाजी बैठकीतल्या छताचा पंखा उतरवायला स्टुलावर चढले. गोपिकाबाईंना आधी वाटलं, पंखा बिघडला असेल. पण पंखा चांगला गरागरा फिरत होता. धुळाजींनी वरूनच पोराला हुकूम सोडला, "अंगद, बटन बंद कर. अन् पान्हा दे इकडं."

"अवं, चालू राह्यलाय की चांगला! कामून काढता?" गोपिकाबाई स्वयंपाकघरातून पदरानं वारा घेत बाहेर आल्या.

"चालू हाये म्हणूनच काढून राह्यलो. बिघडलेला असता तर राहू दिला असता."

"डोक्यावर ऊन बसलं का काय तुमच्या?"

"ऊन?" धुळाजी स्टुलावर गर्रकन वळले. अंगदनं स्टूल धरलं नसतं तर पंख्याआधी तेच खाली आले असते. "ह्या घरात पाव्हणे जाईपर्यंत हा शब्द कोणी काढायचा न्हाई. सांगून ठेवतो. थंडी हाये. काय हाये?"

मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. धुळाजींच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब टपकन स्टुलावर पडला.

या सगळ्याचं मूळ प्रांजलीच्या लग्नात होतं. अंबडच्या रस्त्याला धुळाजींची वस्ती. बापजाद्यांनी मेंढरं राखली. धुळाजींनी मेंढरं कमी करत शेती वाढवली आणि लेकीला शिकवलं. ती शिक्षिका झाली आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, गुहागरच्या बाजूला. तिथल्याच शाळेतल्या संकेत भुवड नावाच्या मास्तरशी तिनं लग्न ठरवलं. पोरगा चांगला होता, धुळाजींनी आनंदानं होकार दिला आणि मे महिन्यातला मुहूर्त धरला. तिथंच चुकलं. कोकणातलं वऱ्हाड अंबडच्या कार्यालयात आलं, आणि मंगलाष्टकं रंगात आलेली असताना नवरदेवाची आई, वनिताबाई भुवड, हातातल्या अक्षतांसकट आडव्या झाल्या. कुणीतरी घागरभर पाणी अंगावर ओतलं. त्या शुद्धीवर आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हे गाव आहे की भट्टी?"

तेव्हापासून भुवडांच्या घरात धुळाजींच्या गावाला दुसरं नाव उरलं नव्हतं. "प्रांजलीची भट्टी." नातू झाल्यावर तर हे नाव धुळाजींच्या काळजात रुतलं. दिवाळीला बाळाला पाठवा म्हटलं तर वनिताबाई म्हणायच्या, "प्रवास झेपायचा नाय." संक्रांतीला म्हटलं तर म्हणायच्या, "मोठा होऊ दे जरा. आमच्याकडे कसा समुद्राचा वारा असतो, त्याला त्याची सवय. त्या भट्टीत बाळाचं कसं होणार?" नातू दीड वर्षाचा झाला तरी आजोळच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नव्हता. धुळाजी एकदा जाऊन भेटून आले होते. बाकी सगळं आजोबापण मोबाइलच्या काचेत चाललं होतं. काचेत नातू 'आबा' म्हणायचा आणि फोन तोंडात घालायचा. मग धुळाजींना नुसता काळोख दिसायचा.

शेवटी यंदा पेरणीच्या दिवसांतच त्यांनी इवायांना, म्हणजे प्रांजलीच्या सासऱ्यांना, फोनवर ठणकावलं होतं, "भुवडसाहेब, आमच्याकडं बाराही महिने ऊन ऱ्हात न्हाई. तुम्ही बिलकुल गैरसमज करून बसलेत. शिवरात्रीच्या सुमाराला या. हुरडा खायला या. अशी थंडी ऱ्हाती की गोधड्या पुरत न्हाईत. अन् येताना स्वेटर घेऊन या, मागून म्हणू नका सांगितलं न्हाई. तुमच्या डोळ्यानं बघा, अन् मंग बाळाचं ठरवा."

अनंत भुवड शांत माणूस. ते "येतो हो" म्हणाले. धुळाजींनी पाहुण्यांसाठी म्हणून ज्वारीचा एक तुकडा मुद्दाम उशिरा पेरला. घोंगड्या झटकून ठेवल्या. आणि जानेवारी सरता सरता थंडी निघून गेली.

गेली ती न सांगता गेली. धुळाजींच्या मते हा सरळ सरळ विश्वासघात होता. पहिले दोन-चार दिवस त्यांनी मोठ्या मनानं वाट बघितली. मग ते चिडले. सकाळी अंगणात उभं राहून सूर्याकडे असं बघायचे, जसं शेजाऱ्याचं जनावर आपल्या पिकात शिरल्यावर बघावं. "ही काय तुझी यायची वेळ हाये का? मार्चात ये ना! कोण न्हाई म्हणलं? माघ चालू हाये माघ!" अंगदनं मोबाइल बघून नुसतं "सदतीस" म्हटलं, तर त्याच्यावरच उखडले. "बंद कर ते! तू घडीघडी बघतो म्हणूनच वाढून राह्यलंय."

अजून आठ-दहा दिवस हातात आहेत, तेवढ्यात थंडी लाजेकाजेनं परत येईल, असा त्यांचा हिशोब होता. तोच अनंतरावांचा फोन आला. "आम्ही जरा लवकरच निघतोय हो. परवा सकाळी पोचू. चालेल ना?"

"या की! वाटच बघून राह्यलो. थंडी तर अशी पडलीय..." धुळाजींनी फोन ठेवला आणि घाम पुसला. मग उठून स्टूल शोधायला गेले.

त्यांचा विचार सरळ होता. घरात पंखे लटकलेले दिसले की पाहुण्याला गरमीच आठवणार. पंखेच नसले तर विचारणार कोण? तिन्ही पंखे उतरून धान्याच्या खोलीत गेले. माठ गेला न्हाणीत. कूलर शेजारच्या तातेरावांच्या घरी पोचता झाला. तातेरावांनी काही न विचारता तो आत घेतला आणि लगेच चालू केला. टीव्हीची वायर धुळाजींनी स्वतः उपटली.

"आता टीव्हीनं काय घोडं मारलं?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"बातम्यांत ती बाई हवामान सांगती. नकाशावर मराठवाडा लाल करून ठेवती. इहीणबाईंनी बघितलं म्हणजे? काही बघायचं न्हाई. आपण बी न्हाई, त्यांनी बी न्हाई."

"अन् अंगाला घाम येईल त्याचं काय? त्याची बी वायर उपटता का?"

"शाल पांघरून बस तू. पाव्हणे असेपर्यंत."

"मी?" गोपिकाबाई म्हणाल्या. "पांघरते की. आधी चुलीपुढं तुम्ही बसा, मंग मी शाल पांघरते." या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

परवाच्या सकाळी अंबडच्या बसस्थानकावर जो देखावा झाला तो बघणाऱ्यांच्या लक्षात राहण्यासारखा होता. ऊन चांगलं चटचटत होतं. रसवंतीवर गर्दी होती, लोक बर्फ टाकून उसाचा रस पीत होते. आणि धुळाजी पूर्ण बाह्यांचा विणलेला स्वेटर घालून, गळ्याला मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. संभाजीनगरहून येणारी गाडी लागली. दारातून अनंतराव उतरले. त्यांच्याही अंगात स्वेटर होता. मागून वनिताबाई उतरल्या. त्यांनी खांद्यावरून शाल घेतली होती आणि कानाला रुमाल बांधला होता. तिघंही एकमेकांकडे बघून हसले. फलाटावरचा हमाल पाठीवरचं पोतं तसंच धरून थांबला आणि बघत राहिला.

"काय म्हणते थंडी?" अनंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"आज जरा कमीच हाये," धुळाजी म्हणाले. "काल यायला पाहिजे होतं तुम्ही. तुमच्याकडं कसं?"

"आमच्याकडे?" वनिताबाईंनी घाईघाईनं नवऱ्याकडे बघितलं. "आमच्याकडे नेहमीसारखंच हो. समुद्राचा वारा. मस्त."

धुळाजींना तो टोमणा वाटला. तेवढ्यात रसवंतीवाल्यानं हाक मारली, "मामा, पाव्हण्यांला रस देऊ का? बरफ जास्त टाकून?"

"बरफ?" धुळाजी त्याच्या अंगावर गेले. "ह्या थंडीत बरफ? माणसं आजारी पाडायचीत का तुला?" आणि त्यांनी पाहुण्यांना शेजारच्या टपरीवर नेऊन वाफाळता, आलं घातलेला चहा पाजला. अनंतरावांनी चहा पिताना एकदाच रसवंतीकडे बघितलं. ते बघणं धुळाजींनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

घरी आल्यावर आंघोळीला कडकडीत पाणी काढलं. जेवायला गरम भाकरी, झणझणीत पिठलं, वर पुन्हा चहा. पाहुणे सगळं गोड मानून घेत होते. दुपारी ते ओसरीवर लिंबाच्या सावलीत बसले. अनंतरावांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "काय बरं वाटतंय इथे! हवा अगदी कोरडी."

"छान आहे हो," वनिताबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा पुष्कळच छान."

धुळाजींचे कान तापले. आत जाऊन ते बायकोजवळ धुसफुसले, "बघ, बघ! कशी टोचून बोलून राह्यली! छान हाये म्हणती!"

"आवडलं असंल त्यांला."

"आवडलं? अगं, ह्यात आवडण्यासारखं काय हाये? मला इथं श्वास घेता येईना, अन् तिला छान वाटून राह्यलं! खिल्ली उडवून राह्यली ती. कोकणातली माणसं अशीच बोलत्यात, गोड गोड."

"मंग स्वेटर काढा की तुम्ही तुमचा."

"मेलो तरी काढणार न्हाई," धुळाजी म्हणाले आणि मफलर आणखी घट्ट करून बाहेर गेले.

बाहेर तातेराव आले होते. पाहुणे आलेत म्हणून भेटायला आले, रामराम झाला, आणि मग त्यांनी मोठ्या कृतज्ञतेनं धुळाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "धुळाजी, मानलं बरं का. तुझ्या कूलरनं अशी झोप लागली म्हणतो! काय गार फेकतंय!"

वनिताबाईंनी मान वर केली.

"कुलूप," धुळाजी म्हणाले.

"काय?"

"कुलूप म्हणायचं त्यांला. माझं कुलूप नेल्तं त्यांनी. चांगलं हाये कुलूप. बेफिकीर झोप लागती." त्यांनी तातेरावांचा दंड धरून त्यांना फाटकापर्यंत नेलं. तातेराव जाता जाता विचारत होते की कुलूप गार कसं फेकेल. पण ते आता लांब गेले होते.

संध्याकाळी हुरडा. हा धुळाजींचा हुकमी एक्का होता. शेतात खड्डा खणून अंगदनं गोवऱ्यांची आगटी पेटवली. दिवसभराचं तापलेलं रान, त्यात आगटीची धग, आणि भोवती स्वेटर-शालीतली तीन माणसं. "जवळ सरका, जवळ सरका," धुळाजी आग्रह करत होते. "हुरड्याची मजा शेकोटीजवळच." स्वतः ते इतके जवळ सरकले की त्यांच्या स्वेटरला करपलेल्या लोकरीचा वास सुटला.

कणसं भाजली गेली. अंगदनं तळहातावर चोळून दाणे काढले आणि त्याचा चेहरा पडला. धुळाजींनी एक दाणा तोंडात टाकला. तो दातांत कट्कन वाजला. उन्हानं ज्वारी वेळेआधीच वाळून टणक झाली होती. हुरड्याचे कोवळे दाणे केव्हाच संपले होते आणि जी होती ती दळायलाच योग्य होती. धुळाजींना एवढा संताप आला की त्यांना रडू येईल असं वाटलं. थंडी गेली ती गेली, जाताना हुरडाही घेऊन गेली!

"हुरडा असाच असतो का?" वनिताबाईंनी विचारलं. त्या कोकणातल्या, त्यांनी आधी कधी खाल्ला नव्हता.

"असाच," धुळाजी म्हणाले. "थंडीनं कडक होतो."

अंगदनं दुसरीकडे तोंड केलं. अनंतरावांनी मूठभर दाणे तोंडात टाकले आणि कितीतरी वेळ नुसते चावत राहिले. "छान आहे," ते शेवटी म्हणाले. "टिकाऊ आहे."

दुसऱ्या दिवशी धुळाजींनी ठरवलं की आता मागं हटायचं नाही. पाहुणे तक्रार करत नाहीत, याचा अर्थ ते मनात हसतायत. उद्या गुहागरला जाऊन पोट धरधरून हसतील आणि नातू कायमचा तिकडंच राहील. जेवणं झाल्यावर, ऊन अगदी माथ्यावर असताना, ते उठले. "चला, रान दाखवतो. ह्या वेळेला फिरायला लई बरं. कोवळ्या उन्हात."

"आत्ता?" अनंतराव चपला शोधू लागले. वनिताबाई काही बोलणार होत्या, पण गोपिकाबाईंनी त्यांचा हात दाबला. "नका. ऐकणारे न्हाईत ते. तुम्ही इथंच बसा माझ्यासंगं."

धुळाजी पुढं, अनंतराव मागं, असे ते बांधावरून निघाले. धुळाजी हात लांब करून दाखवत होते, "तो हरभरा, ती आपली विहीर, तिकडं मोसंबी..." बोलता बोलता त्यांना दोन विहिरी दिसू लागल्या. मग त्या दोन्ही विहिरी हळूच बांधावर चढल्या. "भुवडसाहेब," धुळाजी म्हणाले, "काय गारठा हाये बघा..." आणि मोसंबीच्या आळ्यात बसल्यासारखे अलगद आडवे झाले.

शांत स्वभावाचे अनंतराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओसरीवर ऐकू गेलं. अंगद पळत आला. दोघांनी धुळाजींना उचलून पिकअपमध्ये घातलं. गोपिकाबाई मागं चढल्या, वनिताबाईही चढल्या आणि वाटभर त्या पदरानं इवायांना वारा घालत होत्या. अंबडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी धुळाजींचा मफलर काढला, स्वेटर काढला, आतला सदरा काढला. सदऱ्याच्या आत लोकरीची बंडी निघाली. डॉक्टर थांबले.

"यांना थंडी वाजून आल्ती का?"

अंगद छताकडे बघू लागला. छताला पंखा होता आणि तो जोरात फिरत होता.

"ऊन लागलंय," डॉक्टर म्हणाले. "आत्तापासूनच असे पेशंट येऊन राह्यलेत. वेळेवर आणलं म्हणून बरं." त्यांनी सलाईन लावलं आणि निघून गेले.

धुळाजींनी डोळे उघडले तेव्हा पहिला चेहरा वनिताबाईंचा दिसला. हातात ओला रुमाल घेऊन त्या कॉटशी उभ्या होत्या. धुळाजींनी पुन्हा डोळे मिटले. ज्या बाईपुढं गावाची अब्रू राखायची, तिच्याच हातानं कपाळावर पट्टी! यापेक्षा मोसंबीच्या आळ्यात पडून राहिलेलं काय वाईट होतं?

तेवढ्यात अंगदचा फोन वाजला. प्रांजली होती. धुळाजींच्या हाताला सुई टोचलेली, म्हणून अंगदनं फोन आवाज मोठा करून कॉटवर ठेवला.

"बापू! काय झालं ओ? माय म्हणाली ऊन लागलं? मला तर खरंच वाटंना. तुम्ही तर थंडी हाये, थंडी हाये म्हणून राह्यले होते!" लेकीचा आवाज घाबरलेला होता आणि ती थांबायलाच तयार नव्हती. "इकडं तर काय विचारूच नका. उष्णतेची लाट म्हणून शाळा सकाळची केलीय. लाइट तासन्‌तास नसती. समुद्राचा वारा दुपारपर्यंत येतच न्हाई अन् आला की चिकट गरम. आंब्याचा मोहोर करपला. बाळाच्या अंगावर घामोळं उठलंय नुसतं, रात्री झोपत न्हाई. आईंना मागच्या आठवड्यात परसात घेरी आल्ती, म्हणून तर त्यांना जल्दी तिकडं पाठवलं. म्हटलं तिकडं तरी गारवा हाये. आई म्हणाल्या होत्या की हे तुम्हाला सांगू नको, पण आता तुम्हीच पडल्यावर..."

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं असावं.

धुळाजी कॉटवर उठून बसले. सलाईनची नळी ताणली गेली.

"इहीणबाई," ते म्हणाले. "समुद्राचा वारा. मस्त. नेहमीसारखंच."

वनिताबाई हातातल्या रुमालाची घडी घालू लागल्या. घडी नीट बसेना. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा तुमचा समुद्र."

"म्हणलोच असतो! कामून न्हाई म्हणायचं? तीन वर्षं माझ्या गावाला भट्टी म्हणून राह्यल्या तुम्ही. अन् मी येड्यासारखा घरातले पंखे उतरवले! कूलर लोकाच्या घरी नेऊन ठेवला! टीव्ही बंद केला, की लाल नकाशा तुम्हाला दिसू नये! टीव्ही चालू असता तर तुमचा नकाशा मला दिसला असता!"

"म्हणून पंखे नव्हते?" अनंतराव म्हणाले. "आम्हाला वाटलं, इथे लागतच नसतील. आम्ही म्हटलं, नशीबवान माणसं."

गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या खोकतायत असं त्यांनी दाखवलं.

धुळाजींना अजून पुष्कळ बोलायचं होतं. तीन वर्षांचं साठलं होतं. पण मधेच त्यांचा चेहरा बदलला. "बाळाला घामोळं आलंय?" त्यांनी फोनकडे वाकून विचारलं. "लई आलंय का गं?"

"पाठीवर हाये सगळं. रडतो ओ."

वनिताबाईंनी फोन उचलला. "प्रांजली, मी बोलते. ऐक. संकेतला सांग, आजच गाडीचं बघायला. बाळाला घेऊन इकडे ये. होय, इकडे. ऊन आहे गं, पुष्कळ आहे, पण हवा कोरडी आहे. लिंबाच्या सावलीत बसलं की घाम म्हणून येत नाय. आम्हाला किती बरं वाटलं इथे! मी खोटं नाय बोलत." मग धुळाजींकडे न बघता त्या पुढं म्हणाल्या, "इथे आल्यापासून तेवढंच खरं बोलले मी."

धुळाजी हळूच पुन्हा उशीवर टेकले. त्यांच्या गावाला कुणीतरी बरं म्हटलं होतं, आणि ते खरंच म्हटलं होतं. त्यांनी छताकडे बघितलं आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या. घाम असेल.

पलीकडच्या कॉटवर एक दांडगा माणूस पायाला पट्टी बांधून पडला होता. अंबडला माल उतरवून परत निघालेला चंद्रपूरकडचा, म्हणजे जुन्या चांद्याकडचा, ट्रक ड्रायव्हर होता तो. टायर बदलताना पाय चेचला होता. एवढा वेळ तो मुकाट ऐकत होता. आता त्याला राहवलं नाही.

"मी काय म्हणतो जी," तो म्हणाला, "तुम्ही एवढं ऊन ऊन करून राहिले, पण याले का ऊन म्हणते? आमच्या चांद्याले या एकदा. हे तर आमच्याइकडं लेकरं खेळायचं ऊन होय."

मग धुळाजी पुन्हा उठून बसले.

"ओ भाऊ. काय म्हणले?"

"लेकरं खेळायचं ऊन म्हणलो जी. हलकं."

"हलकं?" धुळाजींची मान ताठ झाली. "मी हितं सलाईन लावून पडलो ते काय हलक्या उन्हानं? अहो, आमच्या रानात दुपारी पाय ठेवून बघा, चपलेचा तळ रानातच चिकटून ऱ्हातो! विहिरीचं पाणी गरम लागतं! पाखरं खाली पडत्यात पाखरं! आमचं ऊन तुम्हाला काय वाटलं?"

"पडते ना जी पाखरं. आमच्याइकडं शिजून पडते."

आता अनंतराव उठले. इतक्या वर्षांत त्यांचा भांडणासाठी चढलेला आवाज वनिताबाईंनी ऐकला नव्हता. "एक मिनिट, एक मिनिट. तुम्ही समुद्रकाठी राहिलायत कधी? नुसतं ऊन काय घेऊन बसलात? आमच्याकडे उन्हाला पाणी सुटतं हो! आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा ओला होतो माणूस. आणि हे आमचे व्याही" (त्यांनी धुळाजींच्या खांद्यावर हात ठेवला) "यांच्याकडचं ऊन मी स्वतः बघितलंय. माझ्या डोळ्यांदेखत माणूस आडवा झाला. त्याला कुणी हलकं म्हणायचं नाय!"

"बराबर!" धुळाजी म्हणाले. "सांगा, सांगा त्यांला!"

"मे महिन्यात या तुम्ही," अनंतराव ड्रायव्हरला म्हणाले. "यांच्याकडे या. मुक्कामाला या."

"बिलकुल या!" धुळाजी म्हणाले. "चांगले आठ दिवस ऱ्हा. मंग बोलू, कोणाचं ऊन हलकं ते. हाये का हिंमत?"

"येतो ना जी," ड्रायव्हर म्हणाला. "पत्ता सांगा."

धुळाजी पत्ता सांगू लागले. रस्ता, वस्ती, लिंबाचं झाड, सगळं सांगत होते. अनंतराव मधे मधे "उन्हातूनच चालत या हं, रिक्षा करू नका" अशी भर घालत होते. आवाज ऐकून डॉक्टर दारात आले आणि पेशंट कोणता नि नातेवाईक कोणता हे बघत उभे राहिले.

गोपिकाबाईंनी वनिताबाईंच्या हाताला धरलं.

"चला इहीणबाई, आपण रस प्यायला जाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यांचं ऊन आता दिवस बुडला तरी उतरायचं न्हाई."